घाटावरचा माईक खाली ठेवायचा, पण पुढे काय? खेळाच्या प्रसिद्धीचं काम सोडण्याआधी हा हिशेब समजून घ्या

बैलगाड्याची एक बारी काही सेकंदांत संपते. त्या सेकंदांना नाव देणारा आवाज मात्र दिवसभर चालू असतो. गाडा कुणाचा, गाव कोणतं, टोकन किती, घड्याळात सेकंद किती आणि पुढची बारी कुणाची, हे सगळं निवेदकाच्या तोंडून घाटभर पोहोचतं. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई आणि आसपासचा शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेडचा पट्टा म्हणजे बैलगाड्याचा बालेकिल्ला. इथे निवेदक हाच खेळाचा प्रसिद्धीप्रमुख असतो. त्याचं नेमणूकपत्र नसतं, एवढाच फरक.

वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाने ते सोडायचं ठरवलं, किंवा ते त्याच्या हातून सुटलं, तर त्याच्याकडे काय उरतं? या पट्ट्याने हा प्रश्न एकदा अनुभवला आहे.

साडेसात वर्षं घाट बंद: तेव्हा काय झालं?

केंद्र सरकारने 11 जुलै 2011 रोजी अधिसूचना काढून खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. प्रकरण न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली.

जानेवारी 2016 मध्ये केंद्राने पुन्हा परवानगी दिली, पण काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. 2017 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

म्हणजे 2014 ते 2021 ही अक्षरशः साडेसाती होती. त्या काळात बैल, गोठा आणि वैरणीचा खर्च यांवर भरपूर चर्चा झाली. खेळाभोवती पोट भरणाऱ्यांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. यात्रेची पत्रिका छापणारा, लाऊडस्पीकरवाला, फ्लेक्सवाला आणि निवेदक यांचं काम घाटावरच अवलंबून असतं. घाट बंद झाला की तेही बंद होतं. त्यासाठी नुकसानभरपाई नसते आणि नोटीस कालावधीही नसतो.

आता शर्यती सुरू आहेत, मग अडचण कुठे?

शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बैलाला मारहाण किंवा विजेचा धक्का देण्यास मनाई आहे. अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानगी उशिरा आली किंवा रद्द झाली, तर ठरलेली तारीख जाते आणि तारखेबरोबर बिदागीही जाते.

दुसरी अडचण हंगामाची. यात्रांचे महिने संपले की पावसाळ्यात माईक शांत असतो. तिसरी अडचण मोबाइलची. आता शर्यत यूट्यूबवर थेट दिसते. आवाज निवेदकाचा असतो आणि चॅनेल बहुतेक वेळा दुसऱ्याचं. जाहिरातीचे पैसे चॅनेलच्या मालकाकडे जातात.

ही जोखीम फक्त गावच्या खेळात आहे का?

नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यानंतर ड्रीम इलेव्हन भारतीय क्रिकेट संघाच्या प्रायोजकत्वातून बाहेर पडली आणि सप्टेंबरमधल्या आशिया चषकात संघ प्रायोजकाच्या नावाविना जर्सी घालून उतरला. एका कायद्याने बीसीसीआयसारख्या श्रीमंत मंडळाचा करारही मोडला. खेळाच्या प्रसिद्धीत काम करणाऱ्यांचं उत्पन्न प्रायोजक, परवानगी आणि हंगाम या तीन गोष्टींवर उभं असतं, मग ऑफिस पुण्यात असो की घाटावर.

पगारी नोकरी सोडणाऱ्याला काय मिळतं?

समजा, कवठे येमाईचा एक जण पुण्यातल्या क्रीडासंस्थेत 12 वर्षं प्रसिद्धीचं काम करतोय आणि त्याचं शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 40,000 रुपये आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा: 40,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 12. उत्तर येतं सुमारे 2 लाख 77 हजार रुपये. यासाठी साधारणपणे पाच वर्षं सलग सेवा लागते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळू शकते. क्रीडा क्षेत्रात अशा करारांवर काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

पीएफची सदस्यता 10 वर्षं झाली असेल, तर 58 व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क तयार होतो. नऊ वर्षं झाली असताना घाईने राजीनामा दिला आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर तो हक्क हातून जातो. कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो. त्यामुळे तीच विमा कंपनी वैयक्तिक पॉलिसीत बदल करून देते का, हे राजीनाम्याआधी विचारावं.

घाटावरच्या निवेदकाचं काय?

त्याच्याकडे पीएफ नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. त्याची तयारी त्यालाच करावी लागते.

- ई-श्रम नोंदणी: 16 ते 59 वयोगटातले असंघटित कामगार मोफत नोंदणी करू शकतात. पीएफ, ईएसआयचे सदस्य आणि आयकर भरणारे यात बसत नाहीत.
- अटल पेन्शन योजना: वय 18 ते 40. साठीनंतर दरमहा 1,000 ते 5,000 रुपये. आयकर भरणाऱ्यांना नव्याने खातं उघडता येत नाही. चाळिशी ओलांडली असेल, तर एनपीएसचा पर्याय आहे.
- कलावंत मानधन: राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत पात्र ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना दरमहा 5,000 रुपये मिळतात. केवळ शर्यतीचं निवेदन त्यात बसेलच असं नाही. शाहिरी, तमाशा, भजन अशी कलाही जोपासली असेल, तर पंचायत समितीत निकष तपासून घ्यावेत. त्यासाठी जुन्या पत्रिका, कात्रणं आणि प्रशस्तिपत्रं जपून ठेवा.

शेवटचा मुद्दा कवठे येमाईत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. तमाशासाठी त्यांनी भरपूर लिहिलं आणि राज्य सरकारने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. शब्द आणि आवाज हे कष्टाचं काम आहे, हे या गावाने जवळून पाहिलं आहे.

मग काम सोडायचं की नाही?

त्याआधी तीन आकडे कागदावर मांडा. घरचा महिन्याचा किमान खर्च किती? हंगाम सोडून उरलेल्या महिन्यांत हातात किती येतं? आणि येणं बाकी किती आहे? किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर तारीख पुढे ढकलणं बरं.

आवाज वाया जात नाही. कुस्तीचा आखाडा, कबड्डीच्या स्पर्धा, लग्नसमारंभ, निवडणुकीच्या सभा इथे तोच आवाज लागतो. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी धरून यात्रेच्या सुट्ट्यांत माईक हाती घेणं हाही मधला मार्ग आहे. स्वतःचं चॅनेल काढायचं असेल, तर ते काम सुरू असतानाच काढा. आज घाटावर तुमचं नाव घेतलं जातं, आणि प्रेक्षक जोडण्याची वेळही हीच असते.

आणि माईक ठेवायचाच असेल, तर यात्रेचा हंगाम संपल्यावर, सगळ्या बिदाग्या वसूल करून ठेवा. ऐन हंगामात रागाच्या भरात काम सोडणाऱ्याची थकबाकी पुढच्या चैत्रापर्यंत कुणाला आठवत नाही.