गरम गाडी थंड होण्याआधी
लेखमाला : जुनी गाडी, चालती गाडी – भाग सहावा

मागच्या भागात सकाळी घरासमोरच हटून बसणाऱ्या गाडीबद्दल लिहिलं होतं. आजचं दुखणं वेगळं आहे आणि जास्त छळणारं आहे. गाडी सकाळी एका किकेत सुरू होते, सीताबर्डीपर्यंत झकास येते, वर्धा रोडला लागून थोडं अंतर कापते आणि अचानक बंद पडते. किक मारून पाय भरून येतो, पण ती दाद देत नाही. अर्धा तास झाडाखाली उभी ठेवली की परत एका किकेत चालू. मेकॅनिककडे नेली तर तिथे ती बंद पडतच नाही. तो प्लग साफ करतो, कार्बोरेटर खोलून धुतो, पैसे घेतो. चार दिवसांनी मालक पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात गाडी ढकलतोय.

नागपुरात हे दुखणं एप्रिल ते जून या काळात उफाळून येतं. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, नवतप्यात त्याच्याही पुढे जातो, आणि डांबरावरची हवा त्याहून तापलेली असते. आपल्याकडच्या जुन्या मोटरसायकली बहुतेक सगळ्या एअर-कूल्ड, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं काम वाऱ्याचं. तो वाराच भट्टीतून आल्यासारखा येत असेल तर इंजिनाला लागून असलेला प्रत्येक भाग नेहमीपेक्षा जास्त तापतो, आणि जो भाग आतून कमकुवत झालेला आहे तो तेव्हाच हात टेकतो.

या गाड्या कोण चालवतं तेही लक्षात घ्यायला हवं. एमएच ३१ पासिंगच्या पंधरा-वीस वर्षांच्या स्प्लेंडर, सीडी १००, एखादी जपून ठेवलेली आरएक्स १००, वडिलांची बुलेट. हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, नळदुरुस्ती करणारा, दूध घालणारा. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. म्हणून अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. कॉइल बदलली, मग सीडीआय बदलला, मग कार्बोरेटरच नवा टाकला, आणि दोष निघाला टाकीच्या झाकणात, असं फार वेळा घडतं.

असं का घडतं, याचं कारण त्या अर्ध्या तासात आहे. तापून तुटणारी कॉइल थंड झाली की जुळते. टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलं असेल तर तेवढ्या वेळात कुठून तरी हवा आत झिरपते आणि पेट्रोल पुन्हा वाहू लागतं. कार्बोरेटरमध्ये उकळलेलं पेट्रोल निवतं. तापून किंचित उघडा राहिलेला वॉल्व्ह पुन्हा नीट बसतो. चार निरनिराळी दुखणी, आणि चारही थांबल्यावर बरी होतात. त्यामुळे ‘थोडा वेळ थांबलो, मग सुरू झाली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. दोष सापडायचा असेल तर तो जिवंत असताना, म्हणजे गाडी बंद पडल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत पकडावा लागतो.

गाडी कडेला घ्या आणि आधी आठवा, ती बंद कशी पडली? चावी फिरवावी तशी एका क्षणात आवाज गेला, की आधी पिकअप गेला, गचके बसले, एक्सलरेटर वाढवला तरी गाडी जड होत गेली आणि मग बंद पडली? पहिल्या प्रकारात संशय करंटवर जातो, दुसऱ्यात पेट्रोलवर. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतो. मेकॅनिकला सांगण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्टही हीच, आणि बहुतेक लोक तेवढीच सांगत नाहीत.

करंट तपासायला एक जास्तीचा, चांगला प्लग आणि प्लग पाना टूलबॉक्समध्ये कायम ठेवा. बंद पडलेल्या गाडीची प्लग कॅप काढून ती या दुसऱ्या प्लगला लावायची, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या फिन्सना, रंग उडालेल्या जागी घट्ट टेकवायचा आणि किक मारायची. इंजिनातला प्लग जागच्या जागी राहू द्यावा. तो काढलेला असला तर त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर उडते आणि ठिणगी तिच्याच शेजारी पडते. हात रबरी कॅपवर ठेवा, धातूवर नको, नाहीतर जबर झटका बसतो. उन्हात ठिणगी दिसत नाही, तेव्हा अंगाची सावली करून बघा. निळी, कडक, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी असेल तर तूर्त करंटवरचा संशय सोडा. पिवळसर, मरतुकडी किंवा मुळीच नसेल तर दोष हाती आला. फक्त किल स्विच चुकून बंद झालेला नाही ना, एवढं आधी बघा.

आता ही ठिणगी तापल्यावर का जाते? स्प्लेंडरच्या सुरुवातीच्या मॉडेलांत आणि आरएक्स १०० मध्ये करंट बॅटरीतून येत नाही. डाव्या बाजूच्या कव्हरखाली मॅग्नेट फिरतं, त्याच्या आतली सोर्स कॉइल वीज तयार करते, ती सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठते, पल्सर कॉइलचा इशारा मिळताच ती साठवण इग्निशन कॉइलमध्ये रिकामी होते आणि प्लगला हजारो व्होल्टचा दाब मिळतो. म्हणूनच या गाड्या बॅटरी मेली तरी किकेवर सुरू होतात. पण सोर्स आणि पल्सर या दोन्ही कॉइली इंजिनाच्या कुशीत, सगळ्यात गरम जागी बसलेल्या असतात. त्यांची तार अगदी बारीक आणि तिच्यावरचं इनॅमलचं आवरण त्याहून पातळ. वीस वर्षं तापून-निवून ते आवरण तडकतं, किंवा तार एखाद्या ठिकाणी आतून तुटते. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात आणि गाडी बिनतक्रार चालते. तापल्यावर सगळं प्रसरण पावतं, टोकं सुटतात आणि करंट जातो. नागपूरचा मेकॅनिक मग म्हणतो, ‘भाऊ, करंटच नाही येऊन राहिला.’ तो बरोबरच सांगत असतो. फक्त त्याच्याकडे गाडी पोचेपर्यंत करंट परत आलेला असतो.

मीटरवर कॉइल तपासताना एक चूक सर्रास होते. तांब्याचं तापमान १०० अंशांनी वाढलं की त्याचा विद्युतरोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, हा त्या धातूचा स्वभाव आहे. त्यामुळे गरम कॉइलचं रीडिंग थंड असतानापेक्षा जास्त येणारच, तेवढ्यावरून तिला बाद ठरवू नये. गरम असताना रीडिंग एकदम पार निघून जात असेल किंवा काटा थरथरत असेल, तरच ती खराब. गाडी गरम असतानाच मीटर लावायला सांगा. त्यासाठी ती दुकानासमोर तासभर जागच्या जागी चालू ठेवू नका. वारा नसलेलं एअर-कूल्ड इंजिन उभ्या उभ्या फार तापतं आणि नवं दुखणं लावून घेतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थेट त्याच्या दारात उतरा.

जुन्या बुलेटमध्ये किंवा राजदूतमध्ये पॉइंट असतात, तिथे गोष्ट निराळी. पॉइंटचं कव्हर उघडून कुणाला तरी किक मारायला सांगा. पॉइंटच्या तोंडाशीच मोठी ठिणगी उडत असेल आणि तोंडं काळी पडली असतील तर कंडेन्सर गेला. तोही तापल्यावर हमखास दगा देतो. बुलेटच्या पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात आणि ते फीलर गेजने मोजतात. कार्ड किंवा ब्लेड घालून अंदाज घेणं पुरत नाही.

ठिणगी चांगली आहे, मग पेट्रोलकडे वळा. पहिलं काम टाकीचं झाकण उघडणं. उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर दोष सापडला म्हणून समजा. टाकीतलं पेट्रोल जसं उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणात बारीकशी वाट असते. ती धुळीने बुजते. सिमेंट रस्त्यांची आणि मेट्रोची कामं वर्षानुवर्षं चाललेल्या या शहरात धुळीचा तुटवडा नाही. पण मला जास्त वेळा दिसलेलं कारण म्हणजे टाकीवर हौसेने चढवलेलं रेक्झिनचं कव्हर. ते झाकणावरही ताणून बसवलेलं असतं, उन्हात आवळतं, आणि हवेची वाट गच्च दाबून टाकतं. एवढ्या कारणावरून अख्खा कार्बोरेटर बदललेला मी पाहिला आहे. कव्हर हवंच असेल तर झाकणाभोवती ते मोकळं कापून घ्या.

फुस्स झालं नाही तर कॉक बंद करून कार्बोरेटरला येणारी नळी काढा, ती एका बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग आणि जोरकस यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकच्या जाळीत टाकीचा गंज अडकलाय. रिझर्व्हवर कधीच गाडी न चालवणाऱ्यांच्या टाकीत तळाशी गाळ साचतो आणि नेमका अडचणीच्या दिवशी तो खाली येतो. हे सगळं गरम सायलेन्सरपासून लांब धरून करा, आसपास विडी-सिगारेट नको, आणि सांडलेलं पेट्रोल पुसून वाळल्याशिवाय ठिणगीची परीक्षा पुन्हा करू नका.

धार चांगली, ठिणगी चांगली, तरी गाडी सुरू होत नाही? मग ती पाच-दहा मिनिटं थांबून निघताना अडली आहे का, ते आठवा. चालत्या गाडीला वारा लागत असतो. थांबल्यावर इंजिनाची धग कार्बोरेटरमध्ये चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून वर येतं आणि इंजिन पेट्रोलने माखतं. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे दुखणं वाढवणं. कॉक बंद करा, एक्सलरेटर पूर्ण उघडा धरा आणि आठ-दहा किका मारा. डोक्याला बांधलेला दुपट्टा भिजवून तो फक्त कार्बोरेटरच्या वाटीभोवती गुंडाळला तरी फरक पडतो. पण इंजिनवर बाटलीभर पाणी ओतायची जी सवय आहे ती सोडा. तापलेल्या हेडला थंड पाण्याने तडा जाऊ शकतो, आणि प्लग कॅपमध्ये पाणी शिरून आणखी एक दोष तयार होतो.

इथे इथेनॉलचाही हात आहे. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. २० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचा बाष्पदाब शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे ते लवकर वाफाळतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या रबरी सीलांना सोसत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग हे इंधन सोसतील असे बनवले जातात, वीस वर्षांच्या गाडीला ती सोय नाही. जुन्या गाडीची नळी, कॉकचं वॉशर आणि फ्लोटची सुई दर उन्हाळ्याआधी बघून घ्यायला हवीत, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल ठेवू नये.

शेवटची शक्यता वॉल्व्हची. गाडी गरम असताना किक नेहमीपेक्षा हलकी, पोकळ लागत असेल तर टॅपेट घट्ट झालेत का बघा. हे कामही मोजमापाचं आहे, आणि ते इंजिन पूर्ण थंड असताना करायचं असतं. या लेखातलं थंड इंजिनावर करायचं हे एकच काम.

पाण्यात बुडालेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि रात्री घरासमोर लावलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला आधी किक मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढा, इंजिन ऑइल दुधट दिसलं तर ते बदला, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. किक त्यानंतर.

मेकॅनिककडे जाताना मोबाइलमध्ये एवढं टिपून न्या: किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली, एकदम की गचके खात, त्या क्षणी ठिणगी होती का, झाकण उघडल्यावर काय झालं, किक कशी लागली. चांगला मेकॅनिक यावरून थेट मॅग्नेटचं कव्हर उघडेल किंवा थेट झाकणाला हात घालेल. पार्ट बदलला तर जुना पार्ट मागून घ्या, आणि पैसे देण्याआधी दुपारच्या उन्हात तेवढेच किलोमीटर गाडी चालवून या.

पुढील आठवड्यात : क्लच प्लेट, आणि चढावर ओढ न घेणारी गाडी.