विंटरथूरचा मालक, खामगावचा दलाल

परदेशात धंदा मांडणाऱ्या कंपनीला रोज एक निवाडा करावा लागतो. कोणते काम मुख्य कचेरीच्या नियमाने चालवायचे आणि कोणते तिथल्या माणसांवर, तिथल्या रिवाजावर सोपवायचे? व्यवस्थापनाची पुस्तके हा प्रश्न मोटारींच्या आणि संगणकांच्या कंपन्यांची उदाहरणे देऊन शिकवतात. वऱ्हाडात तो दीडशे वर्षांपूर्वीच कापसाच्या व्यापाराबरोबर आला होता.

बुलढाणा जिल्ह्यातले अमडापूर चिखली–खामगाव रस्त्यावर आहे. घाटावरच्या अशा गावांना घाटाखालचे खामगाव ही जवळची मोठी कापूसपेठ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. 1870 मध्ये जलंब–खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाला. सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. मग परदेशी पेढ्या मुंबईत बसून न राहता थेट पेठेत उतरल्या. मूळच्या ग्रीक घराण्याची, लंडनमध्ये बस्तान बसवलेली रॅली ब्रदर्स त्यांतली एक. दुसरी व्होल्कार्ट ब्रदर्स. ही पेढी सालोमन आणि योहान गेओर्ग या भावांनी 1851 मध्ये स्वित्झर्लंडमधले विंटरथूर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी एकदमच काढली होती.

खामगावात आलेल्या युरोपीय साहेबासमोर जो बाजार होता तो त्याला दिसूनही कळत नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तो कळत नसे, मग परक्याची काय कथा! कोणाची पत किती, कोणाचा शब्द खरा, कोणत्या गावचा माल ओला येतो, हे सारे दलाल आणि अडते यांच्या डोक्यात असे. म्हणून या पेढ्यांनी दलालाला हटवण्याचा हट्ट धरला नाही. मोठ्या व्यवहारांत त्या एखाद्या वजनदार देशी व्यापारी घराण्याला हमी-दलाल नेमत. समोरच्याने पैसे बुडवले तर भरून देण्याची जबाबदारी या घराण्याची, आणि त्याबद्दल त्याला कमिशन. परक्या समाजातल्या विश्वासाची किंमत इतक्या रोखठोकपणे हिशेबात मांडणारी सोय आजच्या कंपन्यांतही क्वचितच आढळते.

मालाच्या प्रतीच्या बाबतीत मात्र दलालाचा शब्द चालत नसे. कापसावर पाणी मारणे, त्यात सरकी आणि कचरा मिसळणे हे प्रकार इतके बोकाळले होते की मुंबई सरकारने 1863 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. त्याचा उपयोग बेताचाच झाला. व्यापाऱ्यांनी काढलेला उपाय अधिक कामाचा होता: माल दाबण्याआधीच आपल्या माणसाने तो पाहायचा. 392 पौंडांची गाठ एकदा प्रेसमध्ये दाबली गेली की आत काय आहे ते दिसत नाही. त्यामुळे जिनिंग-प्रेसिंग ताब्यात असणे म्हणजे प्रतीवर ताबा असणे. युरोपातला सूतगिरणीवाला पेढीच्या ठरलेल्या प्रतीवर भरवसा ठेवून, कापूस न पाहता सौदा करू शके, तो याच तपासणीमुळे.

थोडक्यात, पत आणि भाव स्थानिक माणसाकडे, प्रत आणि हिशेब पेढीकडे. या वाटणीत एक गोष्ट खटकते. दलाल, कारकून, मापारी, हमाल इथले. वरच्या खुर्च्या मात्र कित्येक दशके युरोपीयांच्याच. ज्याच्या माहितीवर धंदा उभा, त्याला सहीचा अधिकार नाही. शेतकरी तर या रचनेत कुठेच नव्हता. 1897 च्या वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल आणि मापारी यांना परवाने आले, बाजार समित्या आल्या, पण त्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. पुढे जपानी कंपन्याही खरेदीत उतरल्या. त्यांच्या गिरण्यांना आखूड धाग्याचा स्वस्त कापूस मिसळणीसाठी हवा होता.

डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या पन्नासहून अधिक देशांतल्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून 1980 मध्ये पुस्तक लिहिले. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर मान्य करण्याच्या मोजपट्टीवर भारताला 77 आणि स्वित्झर्लंडला 34 गुण आहेत. असे आकडे प्रशिक्षणवर्गात टाळ्या घेतात, पण ती देशाची सरासरी आहे, आणि तीही एकाच कंपनीतली. खामगावचा दलाल साहेबापुढे हात जोडत असेल. रुमालाखालच्या भावात तो कोणाचा कनिष्ठ नव्हता.

सह्यांचा अधिकार भारतीयांकडे सावकाश आला. लिव्हरमध्ये प्रकाश टंडन 1951 मध्ये पहिले भारतीय संचालक आणि 1961 मध्ये पहिले भारतीय अध्यक्ष झाले. याच कंपनीचा, म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरचा, कारखाना आज खामगावात आहे. व्होल्कार्टने 1954 मध्ये टाटांशी भागीदारी करून नवी कंपनी काढली आणि दोघांच्या नावांतून तिचे नाव तयार झाले: व्होल्टास. रॅलीजही पुढे टाटा समूहात गेली. कापसाच्या शेतात परदेशी ग्राहकांच्या अटी आजही पोहोचतात. वेचणीच्या वेळी प्लास्टिकचे धागे मिसळू नयेत, मुलांना कामाला लावू नये, फवारणीची नोंद ठेवावी, अशी त्यांची मागणी असते. त्या पाळण्याचे बरेचसे काम वेचणीवरच्या बायांच्या हाती असते, आणि अटी ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही.