मेलबर्नचा लक्ष्यवेधी : नेव्हिल डिसूझा

आमच्या नारायणगडाच्या परिसरांत मल्लांचीं नांवें मुलांच्याही तोंडीं असतात. परंतु नेव्हिल डिसूझा हें नांव काढिलें असतां वडीलधारीं माणसेंही विचारितात, ‘हे कोण?’ म्हणून हा अल्प परिचय.

१९३२ सालीं गोमंतकांतील आसगांवीं जन्मलेले नेव्हिल मुंबईंत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें हंगेरीनें माघार घेतल्यामुळें भारताचा पहिला सामना झालाच नाहीं. पुढें १ डिसेंबर रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशींच गांठ पडली. प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या या शिष्यानें एकट्यानें तीन गोल केले आणि भारत ४–२ असा विजयी झाला! ऑलिंपिकच्या एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिलेच आशियाई. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्यांनींच चढविला. पण शेवटीं १–४ अशी हार झाली. बल्गेरियानेंही हरविल्यावर भारताच्या वांट्यास चवथें स्थान आलें. स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकीं चार, गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल एक होते.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. अर्जुनाच्या नांवाचा मान अशा लक्ष्यवेध्यास कधींच मिळूं नये, हें आम्हांस कोडेंच वाटतें. १९८० सालीं, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले.