पंखाची निगा

"लहान मुलांना तपासता तपासता तुम्हीही लहान झालात की काय?" माझ्या पॅराग्लायडिंगच्या छंदाविषयी प्रथमच ऐकणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. विचारणाऱ्यांत समव्यवसायी मित्र आहेत, आपल्या मराठी मंडळींतील ज्येष्ठ आहेत आणि माझ्या बालरुग्णांच्या आज्याही आहेत. स्मरणिकेच्या संपादकांनी या छंदावर लिहिण्याचा आग्रह धरला, तेव्हा उड्डाणाच्या आनंदाची वर्णने करण्याचा मोह मी आवरला. तो आनंद घेऊन दर वेळी धडधाकट उज्जैनला परत येता यावे यासाठी जे करावे लागते, त्याविषयी लिहावे असे ठरवले. साधनाची निगा आणि उड्डाणापूर्वीची तपासणी, एवढाच तो विषय. या तपासणीत एकदा माझीच गंभीर चूक झाली होती. तो प्रसंगही येथे सांगणार आहे.

हाडे नसलेला पंख

अलीकडच्या वर्षांत आपल्या गावाजवळील दताना हवाईपट्टीवर स्कायडायव्हिंगचे उपक्रम झाले, त्यामुळे विमानातून उडी मारून छत्रीने उतरणारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पॅराग्लायडिंग त्याहून वेगळे. येथे विमान नसते. डोंगरउतारावर पंख पसरायचा, वाऱ्यावर तो डोक्यावर उभा करायचा आणि चार पावले धावून जमीन सोडायची. १९७८ साली फ्रान्समधील मियूसी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी काही पॅराशूटपटूंनी विमानाचे भाडे वाचवण्यासाठी डोंगरावरून धावत उड्या घेण्यास आरंभ केला, आणि तेथून हा खेळ फोफावला.

पॅराग्लायडरच्या पंखात हाड असे नसतेच म्हटले तरी चालेल. तो जेमतेम पाच-सहा किलो वजनाच्या नायलॉनच्या कापडाचा असतो. त्याच्या पुढच्या कडेला असलेल्या तोंडांतून हवा आत शिरते, शिवलेल्या कप्प्यांत कोंडली जाते आणि त्या दाबामुळे पंखाला आकार येतो. बारीक दोऱ्यांनी तो चालकाच्या हार्नेसला जोडलेला असतो. हवेचा दाब आणि दोऱ्यांची लांबी या दोन गोष्टी बिघडल्या, की तो केवळ कापडाचा बोळा उरतो.

माळव्याच्या सपाट पठारावर उडण्याजोगा डोंगर कोठून आणायचा? म्हणून मी कामशेतला जातो. रात्रीच्या गाडीने पुणे आणि तेथून लोणावळ्याची लोकल, असा माझा मार्ग ठरलेला आहे. मावळातील हे गाव महाराष्ट्रातील पॅराग्लायडिंगचे प्रमुख केंद्र आहे. टॉवर हिल आणि शिंदेवाडी या तेथील सुपरिचित टेकड्या. उज्जैनच्या मराठी माणसाला शिंदेवाडी हे नाव परके कसे वाटावे? पावसाळा सरल्यावर सुरू होणारा हंगाम साधारणतः मेपर्यंत चालतो.

न दिसणारे वार्धक्य

लसीकरण करणाऱ्या प्रत्येकाला लसीच्या कुपीवरील छोटा चौकोन ठाऊक आहे. तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीच्या कुप्यांवर १९९६ पासून ही खूण आली. कुपीने आजवर सोसलेली सारी उष्णता तिच्यात साठत जाते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद. लस डोळ्यांना पूर्वीसारखीच दिसते, पण खूण खोटे बोलत नाही.

पॅराग्लायडरच्या कापडाचेही वार्धक्य असेच साठत जाणारे आहे. अतिनील किरण नायलॉनचे तंतू व त्यावरील लेप हळूहळू खातात. लेप झिजला की कापडातून हवा झिरपू लागते. वरून रंग थोडा फिकटला असेल, एवढेच. मात्र असा पंख एखाद्या क्षणी डोक्यावर फुगलेला दिसूनही पुढे सरकेनासा होतो आणि जवळजवळ सरळ खाली उतरू लागतो. जमीन जवळ असेल तर सावरण्यास अवधी मिळत नाही. दुर्दैवाने पंखावर लसीसारखा चौकोन नसतो. त्याची जागा नोंदवहीने घ्यायची असते. किती तास उड्डाण झाले, किती वेळ उन्हात पसरलेला होता, कधी भिजला, कोठे घासला, हे सारे मी त्याच दिवशी लिहितो.

साधारणतः शंभर तासांच्या उड्डाणानंतर, किंवा निर्मात्याने सांगितलेली एक-दोन वर्षांची मुदत संपल्यावर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पंख जाणकाराकडे तपासणीस द्यावा. तो कापडातून ठरावीक हवा पार होण्यास किती सेकंद लागतात ते यंत्राने मोजतो. नव्या कापडाला मिनिटे लागतात, थकलेल्याला मोजके सेकंद पुरतात. तो दोऱ्यांची लांबीही मोजतो. आपल्या दृष्टीने हा सर्वांत उद्बोधक भाग आहे. पुढच्या दोऱ्या सतत भार वाहतात, तर मागच्या दोऱ्यांवर भार कमी असतो. पुष्कळ पंखांत मागच्या दोऱ्या काळाने किंचित आखडतात. काही सेंटिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पंखाची मागची कड खाली ओढली जाते, वेग मंदावतो आणि पंख धोक्याच्या सीमेवर येऊन ठेपतो. बालकाची वाढ नुसती पाहून ठरवू नये, मोजावी, असे आपण पालकांना सांगतो. येथेही नियम तोच.

घरची निगा सोपी आहे, पण तीत खंड पडता कामा नये. उड्डाणाची तयारी होईपर्यंत व उतरल्यानंतर पंख उन्हात ठेवू नये. खडकाळ जमिनीवरून ओढू नये. दोऱ्यांवर कोणाला पाय देऊ देऊ नये, कारण दोरीच्या आतील गाभा तुटला तरी वरचे आवरण शाबूत दिसते. घडी घालण्यापूर्वी आतले गवत, वाळू व किडे झटकावेत. आत अडकलेला टोळ कापड कुरतडतो, एवढेच नव्हे तर त्याच्या शरीरातील द्रवानेही कापडाला इजा होते. ओला पंख सावलीत वाळवावा. डाग केवळ साध्या पाण्याने पुसावा, साबण वर्ज्य. पिशवी बंद मोटारीत ठेवू नये. मे महिन्यात उज्जैनमध्ये बंद मोटारीच्या आत काय होते, हे वेगळे सांगायला नको.

राखीव पॅराशूट हा आपल्या आपत्कालीन पेटीसारखा प्रकार आहे. वर्षानुवर्षे लागत नाही, आणि लागते तेव्हा दुसरी संधी नसते. दाबून ठेवलेले कापड चिकटते, म्हणून ते निर्मात्याच्या सूचनेनुसार, सहसा दर सहा ते बारा महिन्यांनी उघडून, हवेशीर करून पुन्हा बांधावे लागते. ज्या पेटीतील ॲड्रेनलिनची मुदत कोणी पाहिलेली नाही, ती पेटी असून नसल्यासारखीच.

मेघ : मित्र आणि वैरी

कालिदासाच्या यक्षाने मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीस जाण्याची विनंती केली. आम्हा उज्जैनवासीयांना त्या मेघाचा अभिमान आहे. पॅराग्लायडिंग करणाऱ्याने मात्र मोठ्या होत जाणाऱ्या मेघाला पाहून वाट वाकडी करून दूर जावे. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅनिला येथे एवा विश्निएर्स्का ही जर्मन संघातील अनुभवी स्पर्धक गडगडाटी ढगात ओढली गेली आणि ९,९४६ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टहूनही वर, फेकली गेली. प्राणवायूच्या अभावी ती बेशुद्ध झाली, बर्फाने माखली आणि केवळ नशिबाने वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी स्पर्धक मरण पावला. निर्दोष पंख आणि उत्तम कौशल्य असूनही हवामानापुढे माणसाचे काही चालत नाही. नवशिक्याने भर दुपारचे उसळते वारे टाळावेत, आणि वारा झटक्यांनी वाहत असेल तर पिशवी उघडूच नये.

तो दूरध्वनी

आता माझी चूक. एका डिसेंबरातील संध्याकाळ. वारा हवा तसा होता. मी नेहमीच्या क्रमाने तपासणी सुरू केली: शिरस्त्राण, राखीव पॅराशूटची पिन... आणि खिशातील फोन वाजला. उज्जैनहून माझ्या कनिष्ठ डॉक्टरचा होता. दोन दिवसांच्या बाळाची कावीळ वाढली होती. प्रकाशोपचार, रक्तगट, पुढील तपासणीची वेळ, सर्व सांगून मी फोन ठेवला. मन उज्जैनच्या वॉर्डात होते. हात मात्र छातीच्या पट्ट्याकडे गेले. तो लावला, दोऱ्या पाहिल्या, वारा पाहिला, पंख उचलला.

"डॉक्टर, थांबा! मांडीचे पट्टे उघडे आहेत!"

पंख पसरण्यास मदत करणारा, गावातला विशीतला मुलगा ओरडत धावत आला. मी ब्रेक ओढून पंख खाली पाडला. मांडीचे दोन्ही पट्टे खाली लोंबत होते. तसाच उडालो असतो, तर जमीन सुटताच हार्नेसमधून खाली घसरून छातीच्या पट्ट्याला काखांनी लटकलो असतो. या खेळात अनुभवी माणसे अशाच चुकीने प्राणास मुकली आहेत. मी गवतावर बसलो. हातापायांचा कंप थांबण्यास बराच वेळ लागला. त्या दिवशी पुन्हा उडालो नाही.

चूक विसरभोळेपणाची नव्हती. तपासणी मध्येच तुटली आणि जेथे सोडली असे वाटले तेथून मी ती पुढे सुरू केली, ही ती चूक. त्या मुलाने नंतर शांतपणे सांगितले, "मध्ये कोणी बोललं तर आम्ही पहिल्यापासून सुरू करतो." मला कोणत्याही ग्रंथात हे इतक्या थोडक्यात वाचायला मिळालेले नाही.

तपासणी-सूची आपण विमानचालकांकडूनच घेतली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे नवे बॉम्बर विमान एक कुलूप काढायचे राहिल्याने उड्डाण करताच कोसळले. त्यानंतर वैमानिकांच्या हाती लेखी सूची आली. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी सूची आणली ती २००८ मध्ये. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे आकडे मी व्याख्यानांत अनेकदा सांगितले होते. त्यांचा अर्थ मात्र मला टेकडीवर कळला. परतल्यावर नवजात शिशु कक्षात मी एक नियम केला. परिचारिका औषधाची मात्रा मोजत असताना तिच्याशी कोणी बोलायचे नाही, मीही नाही. व्यत्यय आलाच तर हिशेब पहिल्यापासून.

जाणाऱ्यांसाठी

सुट्टीत गोव्याला किंवा हिमाचलला गेल्यावर चालकासोबत जोडीने उडण्याचा मोह अनेकांना होतो. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातील केरी येथे अशाच उड्डाणात पर्यटक तरुणी व तिचा चालक, दोघेही दगावले. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले आहे, पण टेकडीवर आपले रक्षण आपल्या प्रश्नांनीच होते. संस्थेला परवानगी आहे का? पंखाची तपासणी शेवटी कधी झाली? राखीव पॅराशूट कधी बांधले? नोंदवही दाखवता का? हे प्रश्न ऐकून जो हसेल, त्याच्याबरोबर उडू नये. आणि मांडीचे पट्टे स्वतः ओढून पाहावेत.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. या खेळातील गंभीर इजा मुख्यतः पाठीचा कणा व पायांना होतात. पडलेला माणूस उठून बसू पाहत असला तरी त्याला हार्नेस धरून ओढू देऊ नका. प्रथम पंख जमिनीवर दाबून वाऱ्यापासून सोडवा, मग मान व कणा सरळ रेषेत ठेवूनच हलवा.

माझ्या नोंदवहीत एक रकाना आहे, 'उडालो नाही' असा. त्यात तारीख आणि कारण लिहितो: वारा झटक्याचा, झोप अपुरी, मन थाऱ्यावर नाही. गेल्या हंगामात त्या रकान्यातील नोंदी उड्डाणांपेक्षा अधिक झाल्या. सौभाग्यवती पूर्वी माझ्या या छंदाचे नावही घेत नसे. हल्ली मी घरी आलो, की ती वही उघडून सर्वप्रथम तोच रकाना वाचते.