घरच्या घरी सुरीला धार : साधन कोणते निवडाल?

टोमॅटो चिरताना सुरी सालीवरून घसरते आणि बोटाला लागते. मग आपण म्हणतो, "सुरी फार धारदार आहे, जपून!" खरं तर उलट असतं. बोथट सुरीवर आपण जास्त जोर देतो आणि म्हणूनच ती निसटते. विज्ञानात शिकलेलं आठवा : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. धार बारीक असेल तर क्षेत्रफळ कमी, म्हणून थोड्या जोरातही काम होतं.

आता साधनं पाहू.

१) धारेचा दगड : सर्वांत चांगला पर्याय. ग्रिटचा अंक जितका मोठा, तितका दगड बारीक. अगदी बोथट सुरीला ४०० च्या आसपासचा, नेहमीसाठी १००० चा घ्या.

२) खाचेतून ओढायचं शार्पनर : झटपट होतं, पण पातं लवकर झिजतं. महागड्या सुरीला नको.

३) स्टीलची कांडी : ही नवी धार काढत नाही, वाकलेली धार फक्त सरळ करते. सुरी पूर्ण बोथट झाली असेल तर हिचा उपयोग नाही.

४) चिनी मातीचा कप : काहीच नसेल तर कप उपडा करा. बुडाची चकाकी नसलेली खरखरीत कडा तात्पुरतं काम भागवते.

धारवाल्याच्या चाकावरही धार छान निघते. मात्र पातं निळसर पडेपर्यंत तापलं, तर पोलादाचं 'पाणी' उतरतं आणि धार टिकत नाही.

दगड वापरायचा कसा? तो ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पाण्याचा दगड असेल तर आधी भिजवा. कोन साधारण २० अंश हवा. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा : ९० चे ४५, ४५ चे साडेबावीस. त्याहून किंचित कमी कोनात सुरी धरा आणि हलक्या हाताने घासा. वरच्या बाजूला धारेशी बारीक खरखरीत कोर उठली, की बाजू बदला. कोर तपासताना बोट धारेच्या लांबीवरून कधीच फिरवू नका; पाठीकडून धारेबाहेर न्या. शेवटी बारीक दगडावर दोन्ही बाजू हलक्या फिरवा, सुरी धुऊन पुसा.

दातेरी सुरी सपाट दगडावर घासू नका, दाते जातील. विळीचं पातं हलत नाही, म्हणून तिथे दगडच पात्यावर फिरवावा लागतो. ते काम मोठ्यांनीच करावं.

वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला, की समजा धार जमली!