डेबियन सामाजिक करार

डेबियन सामाजिक करार हा डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची निर्मिती करणाऱ्या स्वयंसेवकांच्या समुदायाने जाहीर केलेल्या पाच वचनांचा दस्तऐवज आहे. तो ५ जुलै १९९७ रोजी संमत झाला. डेबियनचे सदस्य अनेक देशांत विखुरलेले असून प्रकल्प त्यांना या कामाचे वेतन देत नाही. त्यामुळे मतभेदाच्या वेळी कोणता निर्णय योग्य, हे ठरवण्यासाठी या लिखित मूल्यांचाच आधार घेतला जातो.

पार्श्वभूमी

इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. समुदायाने आपली बांधिलकी लेखी स्वरूपात मांडावी, ही कल्पना ईन शूस्लर यांनी सुचवली. तत्कालीन प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स यांनी मसुदा तयार केला आणि जून १९९७ मध्ये सदस्यांनी चर्चा करून तो सुधारला.

तरतुदी

करारातील पाच वचनांचा सारांश असा :

१. डेबियन पूर्णपणे मुक्त राहील.
२. समुदाय आपले काम मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला परत देईल.
३. दोष लपवले जाणार नाहीत. दोषांची नोंद सर्वांसाठी खुली असेल.
४. वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना अग्रक्रम असेल.
५. काही वापरकर्त्यांना मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचीही गरज असते. असे सॉफ्टवेअर वेगळ्या विभागात ठेवले जाईल, मात्र तो डेबियनचा भाग मानला जाणार नाही.

'मुक्त' म्हणजे केवळ 'मोफत' नव्हे. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याचा सोर्स कोड अभ्यासण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि प्रती वाटण्याचे स्वातंत्र्य त्यात अभिप्रेत आहे. कोणता परवाना मुक्त मानावा, याचे निकष करारासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिले आहेत. व्यक्ती, समूह किंवा कार्यक्षेत्र यांवरून भेदभाव करणारा परवाना त्यात बसत नाही. १९९८ मध्ये 'मुक्त स्रोत' या संज्ञेची अधिकृत व्याख्या याच तत्त्वांवरून तयार करण्यात आली.

परवाने तपासताना सदस्य काही अनौपचारिक कसोट्याही वापरतात. त्यांपैकी 'निर्जन बेट' ही कसोटी प्रसिद्ध आहे. सौरऊर्जेवर चालणारा संगणक घेऊन बेटावर अडकलेल्या माणसाला बाहेर काहीही पाठवता येत नाही. अशा माणसाला ज्या परवान्याची अट पाळणे अशक्य होईल, तो परवाना मुक्त मानला जात नाही. केलेला प्रत्येक बदल मूळ लेखकाला कळवण्याची सक्ती हे अशा अटीचे उदाहरण होय.

निर्णयप्रक्रिया

डिसेंबर १९९८ मध्ये समुदायाने स्वतःची घटना स्वीकारली. प्रकल्पप्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते. मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतात. सामाजिक करारात बदल करण्यासाठी मात्र साधे बहुमत पुरत नाही. बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. आपसांतील वागणुकीविषयीची आचारसंहिता २०१४ मध्ये मतदानाने स्वीकारण्यात आली.

मूल्यांमधील संघर्ष

चौथ्या वचनात दोन अग्रक्रम एकत्र आहेत आणि ते नेहमीच जुळतात असे नाही. एप्रिल २००४ मध्ये कराराची शब्दरचना बदलण्यात आली. त्यानंतर केवळ प्रोग्रॅमच नव्हे, तर दस्तऐवज आणि फर्मवेअरही मुक्त असले पाहिजेत, असा अर्थ लावला गेला. परिणामी नवी आवृत्ती बराच काळ लांबण्याची चिन्हे दिसू लागली. अखेर नव्या शब्दरचनेची अंमलबजावणी पुढे ढकलण्यासाठी पुन्हा मतदान घ्यावे लागले. 'सार्ज' नावाची ती आवृत्ती जून २००५ मध्ये प्रसिद्ध झाली.

फर्मवेअर म्हणजे वायफाय, ध्वनी इत्यादी उपकरणे चालवणारे अंतर्गत सॉफ्टवेअर. ते बहुधा उत्पादक कंपन्यांचे असते आणि त्याचा सोर्स कोड उपलब्ध नसतो. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसल्याने अनेक नव्या लॅपटॉपवर डेबियन बसवताना इंटरनेट जोडणी मिळत नसे. ध्वनियंत्रणा सुरू न झाल्यास संगणकाच्या आवाजावर अवलंबून असलेल्या अंध व्यक्तींना डेबियन स्वतः बसवणेही शक्य होत नसे. दुसरीकडे, असे फर्मवेअर समाविष्ट करणे हा पहिल्या वचनाचा भंग ठरेल, असे काही सदस्यांचे मत होते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आवश्यक मताधिक्याने पाचव्या वचनात दुरुस्ती होऊन अधिकृत माध्यमांत आवश्यक फर्मवेअर देण्यास मुभा मिळाली. मात्र ते डेबियनचा भाग नाही, ही भूमिका कायम राहिली. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हा बदल लागू झाला.

भारत आणि मराठी

फेब्रुवारी २००९ मधील डेबियन ५.० पासून इन्स्टॉलर मराठीतही उपलब्ध आहे. देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा नीट दिसण्यासाठी त्याचे चित्रमय रूप वापरावे लागते. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या संस्थेने भारतीय भाषांसाठी तयार केलेली 'बॉस' ही ऑपरेटिंग सिस्टीम डेबियनवर आधारलेली आहे. त्यासाठी डेबियनची स्वतंत्र परवानगी किंवा शुल्क आवश्यक नव्हते. याच तत्त्वानुसार तुळजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणची एखादी शाळाही डेबियन आपल्या सर्व संगणकांवर बसवू शकते, विद्यार्थ्यांना त्याच्या प्रती देऊ शकते आणि मराठी भाषांतरातील चूक दुरुस्त करून ती समुदायाकडे पाठवू शकते. दुरुस्ती पाठवणे मात्र ऐच्छिक आहे.