शाळेंतला गाण्याचा तास

प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकांत एखादा तास असा असतो कीं, तो सर्वांचा म्हणून कोणाचाच नसतो. आमच्या शाळेंत शनिवारच्या शेवटच्या घरांत ‘गायन’ हा शब्द लिहिलेला असे. परीक्षा जवळ आली कीं त्या तासाला गणिताचे मास्तर उदाहरणें घालीत, नाहींतर मी संस्कृताचीं शब्दरूपें पाठ करून घेई. पुष्कळ वर्षें मला यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. गाणें ज्याला येतें त्याला घरींच येतें, आणि ज्याला येत नाहीं त्याला शाळेंत येणार नाहीं, अशी माझी समजूत होती. ही समजूत कशी चुकीची ठरली आणि ती दुरुस्त करण्याचीं साधनें आपल्याच भाषेंत किती दिवसांपासून पडून आहेत, तें आज वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

कलाशिक्षणाविषयीं हल्लीं बोललें पुष्कळ जातें. कला ही अभ्यासाबाहेरची करमणूक नसून अभ्यासाचेंच अंग आहे, असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सांगितलें आहे. आपल्या राज्यांत दहावीच्या परीक्षेला शास्त्रीय गायन, नृत्य, चित्रकला, लोककला यांसाठीं सवलतीचे गुणहि मिळतात. गुणांच्या लोभानें कां होईना, मुलें पेटीपाशीं येऊन बसतात, हें मी वाईट म्हणणार नाहीं. मात्र गुण पदरांत पडल्यावर किती पेट्या पुन्हां उघडतात, तें ज्याचें त्यानें आपल्या घरांत पाहावें. खरी अडचण निराळीच आहे. ज्या सामान्य शिक्षकाच्या गळ्यांत हा तास पडतो, त्यानें तो घ्यावा कशाच्या आधारानें?

सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं या प्रश्नाला उत्तरच नव्हतें. गाणें उस्तादाच्या कंठांत असे आणि त्याच्या मर्जीनें शिष्याच्या कंठांत उतरे. पोटच्या मुलालासुद्धां कांहीं चिजा अखेरपर्यंत न देणारे गवई होते. १८७४ सालीं पुण्यास गायन समाज निघाला. १८८६ सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं बडोद्यास गायनशाळा काढली आणि स्वतः योजलेल्या स्वरलिपींत मुलांसाठीं लहान लहान पुस्तकेंहि छापलीं. पण सर्व हिंदुस्थानी संगीताचा सांठा धुंडाळून, ताडून, शाळेंत नेतां येईल अशा रूपानें मांडण्याचें काम झालें तें वाळकेश्वरास जन्मलेल्या एका वकिलाच्या हातून.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा. बी. ए., एलएल. बी. होऊन ते वकिली करूं लागले. त्याच सुमारास मुंबईंत पारशी गृहस्थांनीं चालविलेल्या गायनोत्तेजक मंडळींत त्यांचें जाणें-येणें सुरू झालें. पत्नी आणि कन्या निवर्तल्यावर संसाराचा पाश सुटला, तेव्हां त्यांनीं वकिलीकडे पाठ फिरवून उरलेलें आयुष्य या एका कामाला दिलें. १९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले. एट्टयपुरम येथें सुब्बराम दीक्षितांची गांठ पडली आणि व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाचा लाभ झाला. त्यांतील ७२ मेळांची मांडणी पाहून उत्तरेकडील रागांनाहि अशी कांहीं व्यवस्था लावतां येईल, हा विचार त्यांच्या मनांत पक्का झाला. आज लहान मुलेंहि जे दहा थाट म्हणून दाखवितात, तें त्या विचाराचें फळ होय. परंतु ग्रंथांवर त्यांनीं सर्व भार टाकला नाहीं. रामपूरचे वजीर खाँ, जयपूरचे महंमद अली खाँ अशांच्या पायांशीं बसून त्यांनीं चिजा मिळविल्या आणि लिहून ठेविल्या. वयानें पोक्त झालेला, इंग्रजी शिकलेला वकील शागीर्द होऊन बसतो, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

आम्हां संस्कृतवाल्यांना त्यांच्या एका ग्रंथाचें नांव विशेष विचार करण्याजोगें वाटतें. ‘चतुरपंडित’ या टोपणनांवानें त्यांनीं संस्कृतांत लिहिलेल्या ग्रंथाचें नांव आहे ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. व्याकरणांत लोक जे शब्द बोलतात तें लक्ष्य, आणि त्या शब्दांविषयीं केलेलें सूत्र तें लक्षण. सूत्र शब्दांसाठीं असतें. शब्द सूत्रासाठीं जन्माला येत नाहींत. जुन्या ग्रंथांतील रागलक्षणें एकीकडे आणि गवयांच्या तोंडचे राग दुसरीकडे, असा विसंवाद दिसतांच भातखंड्यांनीं लक्ष्याचा पक्ष घेतला, आणि तो घेतला हें ग्रंथाच्या नांवांतच सांगून टाकलें. हा भेद मी लघुकौमुदी शिकतांना पाठ केला होता. वर्गांत मात्र मला तो वेळेवर आठवला नाहीं. त्याची हकीकत पुढें येते.

संस्कृत ग्रंथ पंडितांसाठीं झाला. शिकणाऱ्यांसाठीं त्यांनीं मराठींत लिहिलें. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या ग्रंथाचे चार भाग गुरुशिष्यांच्या संवादरूपानें आहेत, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीसह दिल्या आहेत. हाथरसच्या संगीत कार्यालयानें या ग्रंथांचे हिंदी अनुवाद काढले, आणि आज आपल्याकडचे पुष्कळ विद्यार्थी मूळ मराठी पुस्तकें हिंदींतून वाचतात! असो. सांगावयाचें तें स्वरलिपीविषयीं. मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं, गळाहि बेताचाच. पण क्रमिक पुस्तकाचें पान प्रथम उघडलें तेव्हां मला तें अगदींच परकें वाटलें नाहीं. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, शुद्ध स्वराला कांहींच खूण नाहीं. छापील ऋग्वेदसंहिता ज्यांनीं हाताळली आहे त्यांना अनुदात्ताखालची आडवी रेघ, स्वरितावरची उभी रेघ आणि खुणेवांचून राहणारा उदात्त यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. हें सादृश्य योगायोगाचें असेल; एकावरून दुसरें निघालें असें मी म्हणत नाहीं. आणखी एक गंमत अवग्रहाची. संस्कृतांत ‘ऽ’ हें चिन्ह लोपलेल्या अकाराची जागा दाखवितें. भातखंड्यांच्या लिपींत चिजेच्या शब्दांत तेंच चिन्ह लांबवलेल्या अक्षराची जागा दाखवितें. ज्या घरांत मुलांच्या मुंजीनंतर संध्या शिकवितात, त्या घरांत या खुणा अर्ध्या तासांत समजाव्या.

याच सुमारास दुसरे विष्णु, पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, हेंच काम वेगळ्या वाटेनें करीत होते. जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा; लहानपणीं शोभेच्या दारूनें दृष्टि जवळजवळ गेलेली; मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं अध्ययन. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि १९०८ सालीं मुंबईस. ज्याला अक्षर दिसत नाहीं त्यानें स्वरलिपि योजावी आणि छापखाना घालून पुस्तकें काढावीं, हें धाडस आठवलें म्हणजे आजहि नवल वाटतें. मुंबईची वास्तु पुढें कर्जापायीं गेली. पण विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर, नारायणराव व्यास हे शिष्य राहिले, आणि त्यांनीं गांवोगांव गाणें नेलें.

दोन विष्णूंच्या दोन लिपि. भातखंडे-पद्धतींत स्वराच्या डोक्यावर बिंदु दिला म्हणजे तो तारसप्तकांतला, वरचा. पलुसकर-पद्धतींत डोक्यावर बिंदु दिला म्हणजे तो मंद्रांतला, खालचा! ज्याला हें ठाऊक नाहीं त्याच्या हातून काय होतें, तें आतां सांगतों.

तीस-बत्तीस वर्षें झालीं असतील. गायनाचा तास रिकामा राहतो म्हणून मुख्याध्यापकांनीं तो मला दिला. भातखंड्यांच्या खुणा मला ठाऊक होत्या; पण शाळेच्या कपाटांत निघाली ती एक जुनी, पलुसकर-पद्धतीनें छापलेली पुस्तिका. सुरुवातीचीं पानें फाटलेलीं. मीं पेटी पुढें ओढली आणि एक सोपी चीज मुलांना सांगूं लागलों. दुसऱ्या ओळींत डोक्यावर बिंदु असलेले दोन स्वर आले. मीं ते वरचे समजून दिले. चाळीस मुलें एकदम किंचाळलीं. शेवटच्या बांकावर एक गोंधळ्याचा मुलगा होता. वडिलांबरोबर रात्रीं जागरणाला जाई, म्हणून वर्गांत पेंगत असे. तो तेवढे दोन स्वर खालीं म्हणाला. मीं थांबवून पुन्हां सांगितलें. तो पुन्हां खालींच गेला. म्हणाला, “गुरुजी, गाणं तिथं खालीं उतरतंय.” मीं पुस्तिका उचलून त्याच्यापुढें धरली आणि म्हणालों, “तुझें गाणें उतरत असेल. पुस्तकांतलें चढतें.” मुलें हंसलीं. तो गप्प बसला. त्यानंतर गायनाच्या तासाला त्यानें तोंड उघडलेलें मला आठवत नाहीं. पुढच्या वर्षीं तो शाळेंतच आला नाहीं.

त्या पुस्तिकेची सबंध प्रत चार वर्षांनीं मला एका स्नेह्याच्या घरीं दिसली. चिन्हांचा खुलासा पहिल्याच पानावर होता. मी लक्षण हातांत धरून बसलों होतों, तेंहि चुकीचें वाचून. लक्ष्य शेवटच्या बांकावर होतें.

अलीकडे पुतण्याच्या लग्नानंतर गोंधळ घातला, तेव्हां संबळ-तुणतुण्याच्या मेळांत पुढें उभा होता तो हाच. मला ओळखून पायां पडला. मीं त्याला बाजूला घेऊन सांगितलें कीं, “ते दोन स्वर खालचेच होते, चूक माझी होती.” तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मला त्यातलं काय बी याद न्हाई. शाळा सुटली ती आबा आजारी पडले म्हणून. आन् गणिताला भ्यालो होतो, ते येगळंच.” मग दिवटी तेवली आणि तो गाऊं लागला. एवढी वर्षें जें ओझें मी वागविलें तें त्याला ठाऊकहि नव्हतें. त्यानें मला हलकें वाटलें असें मात्र म्हणवत नाहीं.

पुस्तकें निरुपयोगी आहेत, असा अर्थ यांतून कोणीं काढूं नये. माझ्यासारख्याच्या हातीं गाण्याचा तास पडतो, तेव्हां पुस्तक नसेल तर उरतात तीं केवळ शब्दरूपें. पण पुस्तकाबरोबर तें वाचूं शकणारा शिक्षक हवा. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं शाळा काढण्यापूर्वीं आपल्याकडील कांहीं गवई भातखंड्यांकडे मुंबईस शिकावयास पाठविले, आणि मग १९१८ सालीं माधव संगीत महाविद्यालय उघडलें. त्या गवयांत राजाभैया पूंछवाले होते. घराण्याचें गाणें गळ्यांत असतांना ते स्वरलिपि शिकले. आधीं शिक्षक, मग शाळा, हा क्रम आज आपण उलटा लावतों. पेटीचा आग्रहहि सोडावा असें माझें मत आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो प्रत्येक शाळेला परवडणार नाहीं. पण मोबाइलमधील तंबोऱ्याचा षड्ज मुलांच्या कानांत दहा मिनिटें भरला, तरी पेटीवरच्या तासाभराच्या किंचाळण्यापेक्षां तो पुष्कळ बरा.

दुसरें साधन आपल्या माजघरांत होतें. साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केलें. त्यांत शब्द आले, चाली कागदावर येणें शक्य नव्हतें. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं पुण्यांतून काम चालवून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या टिपल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्यानें पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजांत मुद्रितहि झाल्या, आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहांत त्या कोणालाहि घरबसल्या, विनामूल्य ऐकतां येतात. संगीताचा पदवीधर नसलेल्या गृहिणीनेंहि मुलांना शेजारीं बसवून यांतली एक ओवी ऐकावी, इतकें हें सोपें आहे.

गेल्या दिवाळीपासून आमच्या आळींतील राममंदिराच्या ओसरीवर शनिवारीं दुपारीं सात-आठ मुलें जमतात. मी गाणें शिकवीत नाहीं. फक्त खुणा शिकवितों. पलीकडच्या आळींतील एक आजी येऊन ओवी म्हणतात आणि मुलें ती स्वरलिपींत उतरून घेतात. पहिल्या दिवशीं त्या लाजल्या. आतां मुलांनीं चुकीचें म्हटलें तर हातावर चापट मारतात. एका ओवीच्या दुसऱ्या ओळींतील गांधार कांहीं केल्या जुळेना. एका मुलीचें म्हणणें, तो कोमल, खालीं रेघ द्या. तिच्या भावाचें म्हणणें, शुद्ध, रेघ नको. आजींना पुन्हां पुन्हां म्हणावयास लाविलें. त्यांचा स्वर दरवेळीं त्याच जागीं येतो, आणि ती जागा ना इकडची ना तिकडची. मुलांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं पुस्तक उघडलें नाहीं. तो ‘ग’ पेन्सिलीनें लिहून खालची जागा मोकळी ठेविली आहे. येत्या शनिवारीं आजी त्यांच्या धाकट्या जावेला घेऊन येणार आहेत.